त्रेचाळीस नावांची यादी

थेरगावातून पवना ओलांडली की चिंचवड, आणि चिंचवड स्टेशनात सकाळची पॅसेंजर धरली की दुपारी मुंबई. गावातल्या पुरुषांना हा रस्ता पाठ होता. कुणी गिरणीत होता, कुणी गोदीत, कुणाचं राजधानीत कचेरीचं काम अडलेलं असायचं. पण त्या रस्त्याने गावातली एक मुलगी शिकायला गेली ती पहिल्यांदा १९५३च्या जूनमध्ये. दत्तोबाची सुमन.

पुण्यात कॉलेजं नव्हती असं नाही. पण तिथे सगळं इंग्रजीतून, आणि सुमनचं इंग्रजी मॅट्रिकला जेमतेम काठावर तरलं होतं. दादरला मात्र बायकांचं एक खासगी विद्यापीठ होतं. देणगीदारांच्या पैशावर चालायचं, मराठीतून शिकवायचं आणि खेड्यातल्या हुशार मुलींना राहणं-जेवण फुकट द्यायचं. चिंचवडच्या मास्तरांनी अर्ज धाडला आणि जागा मिळाली.

सुमनची आई लहानपणीच गेलेली. दत्तोबा हा सहा बिघ्यांचा बागाईतदार, बोलायला कमी, मानपानाला पक्का. भावकीतला थोरला मालोजी, त्याला हे शिक्षण पसंत नव्हतं. त्याने मोशीचं एक स्थळ मनात धरून ठेवलं होतं.

"पोर मुंबईला जाऊन काय कलेक्टर व्हनार हाय का?" मालोजी म्हणाला.

"एक वरीस बघू," दत्तोबा म्हणाला. मालोजीपुढे एवढं बोललं तरी ते पुष्कळ होतं.

मग वसतिगृहाचा छापील कागद आला. त्यात एक रकाना होता: 'विद्यार्थिनीस भेटण्यास परवानगी असलेल्या व्यक्तींची नावे.' शहरातले पालक तिथे मामाचं नाव घालत, फार तर काकाचं. दत्तोबाने तो कागद दोन दिवस खिशात ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी लग्नाच्या आमंत्रणाची यादी करतात तशी यादी केली. पहिलं नाव मालोजीचं, मग भावकी, मग गावकीतले मानकरी, मग सुतार, लोहार, न्हावी, गुरव, आणि सगळ्या गावाची बाळंतपणं केलेली अंबूबाई सुईण. एक जरी नाव राहिलं तर उद्या दारात कोण उभं राहील? रकान्यात जागा पुरेना, म्हणून त्याने वहीची दोन पानं शिवून जोडली. नावं त्रेचाळीस झाली. आमंत्रण देणारा स्वतःचं नाव आमंत्रणात कसं घालणार, म्हणून स्वतःचं घातलं नाही.

कचेरीतल्या कारकुनाने पानं न उलटता शिक्का मारला. यादी मंजूर झाली.

सुमनच्या खोलीत चाकणची गुलशन होती. पुण्याकडच्या म्हणून दोघींना एका खोलीत टाकलं होतं. गुलशनचे वडील लालमहंमद चाकणला कांद्याचे व्यापारी. त्यांनी यादीत एकच नाव लिहिलं होतं, त्यांचं स्वतःचं. ते महिन्यातून एकदा मुंबईच्या बाजारात येत आणि लेकीला पाच मिनिटं भेटून जात.

सुमनचं तसं नव्हतं. भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. पहिल्या रविवारी तिघे आले. दुसऱ्या रविवारी पाच. मुंबईत कामाला असलेल्यांनी गावी पत्रं टाकली, 'राजधानीत आपलं माणूस हाय, चहा मिळतो, खुर्ची मिळते.' मग ज्याचं मुंबईत काम निघे तो रविवार साधूनच येई. कुणी अर्ज लिहून घेई, कुणी मनिऑर्डरीची पावती वाचून घेई. येताना भाकरी, ठेचा, शेंगा. ठेच्यावर गुलशनचा हक्क होता.

"माझे अब्बा येतात ते हात हलवत," ती म्हणायची. "तुझ्या गावाने मला पोसलंय. मी निकाह पण थेरगावातच करीन."

सुमन दिवसा मानसशास्त्र आणि गृहविज्ञान शिके. स्वयंपाकाच्या तासाला पेल्याने पीठ मोजून घ्यायला लावत, तेव्हा तिला हसू येई; तिच्या हाताला माप होतं, पेल्याची गरज नव्हती. पण इतिहासाच्या तासाला ती पहिल्या बाकावर बसे. इंग्रजी पुस्तकं वाचायला तिने शब्दकोश घेतला आणि दिवाळीपर्यंत त्याची पाठ उसवली. पहिल्या सत्रात वर्गात तिचा नंबर तिसरा आला.

आणि दत्तोबा? तो ऑगस्टमध्ये आला होता. फाटकावरच्या रहिमानने वही काढली, बोट फिरवलं, दोनदा फिरवलं.

"काका, तुमचं नाव नाही."

"मी बाप हाय तिचा."

"असाल. मालोजी आहे, गुरव आहे, अंबूबाई आहे. दत्तोबा नाही."

दत्तोबाला यात काही गैर वाटलं नाही. चूक त्याची होती, नियम त्यांचा होता. रहिमानने त्याला फाटकाबाहेरच्या दगडावर बसवलं, चहा पाजला. सुमन आत, बाप बाहेर, मधे लोखंडी गज. असं अर्धा तास बोलून तो गाडीला गेला. पुढेही तो तसाच येत राहिला. रहिमान जुन्नरकडचा निघाला, त्यामुळे दोघांना पाऊसपाण्यावर बोलायला पुरे.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी परळला थेरगावच्या एकाचं लग्न होतं. ते आटोपून अकरा जण वसतिगृहावर आले. सोबत ज्वारीच्या कोवळ्या कणसांचं पोतं होतं, कारण हुरड्याचे दिवस आणि पोर तिकडे उपाशी. हुरडा घरून भाजून आणला तर त्याचा चोथा होतो. म्हणून दुसऱ्या पोत्यात गोवऱ्या होत्या. अकरा जणांनी वहीत सह्या-अंगठे केले, अंगणात बदामाच्या झाडाखाली हातभर खड्डा खणला आणि आगटी पेटवली.

नेमका त्याच दिवशी वरच्या दालनात एका देणगीदाराच्या पत्नीचा चहा चालू होता. धूर जिन्यातून वर गेला. शेजारच्या इमारतीतल्या कुणीतरी बंब बोलावला. बंबवाले आले, त्यांनी पाणी मारायच्या आधी हुरडा चाखला, मग पाणी मारलं. देणगीदाराच्या पत्नी डोळे पुसत गाडीत बसल्या. हातात रुमालात बांधलेला हुरडा होता, पण हे रेक्टरबाईंना दिसलं नाही.

सोमवारी सकाळी रेक्टर सुभद्राबाईंनी सुमनला बोलावलं. टेबलावर ती शिवलेली पानं होती.

"हे काय आहे?"

"भेटायला येणाऱ्यांची यादी, बाई."

"ही यादी नाही, ही खानेसुमारी आहे. मी तीस वर्षं वसतिगृह सांभाळते, अंगणात शेकोटी पहिल्यांदा पाहिली." त्यांनी चष्मा काढला. "चार नावं. वडिलांच्या सहीने. येत्या रविवारपर्यंत. नाहीतर खोली सोडायची. तुझ्या जागेसाठी सतरा मुली थांबल्यात."

खोली सोडायची म्हणजे विद्यापीठ सोडायचं. मुंबईत सुमनला दुसरं छप्पर नव्हतं. आणि विद्यापीठ सोडायचं म्हणजे मोशी. सुमनने खोलीत येऊन ट्रंकेवर बसून हे गुलशनला सांगितलं.

"चार लिही, बाकीचे काप. त्यात काय?"

"थेरगावात नाव न घालणं परवडतं," सुमन म्हणाली. "घातलेलं कापलं तर पिढ्या बोलत नाहीत."

गुलशनने नियमांचं छापील पुस्तक उशीखालून काढलं. एवढ्या महिन्यांत ते वाचणारी ती एकटीच असावी. "हे बघ. कलम नऊ. 'यादीतील नावे प्रत्येक सत्रास बदलता येतील.' घे. याचं काही होत असेल तर कर."

शनिवारी सुमन चिंचवडला उतरली आणि गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून घरी गेली. दत्तोबाने सगळं ऐकून घेतलं.

"चार?" तो म्हणाला. "चार मानसं तर खांद्याला लागत्यात."

दिवस कलायच्या आत मारुतीच्या पारावर गाव जमलं. कारण सगळ्यांना कळलं होतं. अकरा जणांनी बंबाची गोष्ट आठवडाभर सांगितली होती. मालोजी मधोमध बसला.

"पोरीला आना घरी," तो म्हणाला. "मोशीकर वाट बघत्यात. यादीबी नको, कापाकापीबी नको."

"आन न्हाई आनली तर?" सुतार म्हणाला. "चारात कोन ऱ्हानार?"

"ते काय इचारायचं? पयलं नाव माजं हाय."

"व्हय, तुमी पयले. मंग आमी काय निवद दावायला?"

"माजं नाव कापून दावा कुनी," मालोजी म्हणाला.

पारावर एकदम गलका उठला. कुणी म्हणे भावकीतले चार, कुणी म्हणे गावकीतले दोन नि भावकीतले दोन. न्हाव्याने विचारलं, की हुरडा भाजायला खड्डा खणताना आम्ही लागलो, आता का नाही? गुरव उठून चालायला लागला, त्याला दोघांनी धरून बसवलं. पोरगी परत आणावी हेच सोपं आहे असं चार-दोघांच्या तोंडून निघायला लागलं. सुमन बापाच्या मागे उभी होती. ती पुढे आली.

"मालोजीकाका, आपल्या सामायिक विहिरीवर हिस्सेदार किती?"

"नऊ. का?"

"नऊ जण एकदम मोट जुपता?"

"खुळी का काय? ज्याची त्याची बारी आसती."

"तशीच बारी लावा. एका सत्राला चार जण. जूनला सत्र बदललं, चार दुसरे; दिवाळीनंतर आनखी चार. नाव कुनाचंच कापायचं न्हाई, फक्त बारीची वाट बघायची."

विहिरीच्या बारीवर डोकी फुटलेली कुणाला नवी नव्हती, पण बारी चुकीची असते असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"पन पयली बारी कुनाची?" लोहार म्हणाला.

"चिठ्ठ्या टाका," अंबूबाई मागून ओरडली. "चिठ्ठीला मान नसतो. आन मी उचलनार. तुमा सगळ्यांस्नी मीच उचललंय पयल्यांदा."

सुमनने चिठ्ठ्या लिहिल्या, तांब्यात टाकल्या.

"बापाची?" अंबूबाईने विचारलं. "गेल्या वक्ताला इसरला, आता तरी घाला."

"माजी नको," दत्तोबा म्हणाला. "वाढप्यानं पंगतीत मधी बसू न्हाई. सगळ्यांचं झालं की शेवटाला माजं धरा. चव्वेचाळिसावं."

अंबूबाई एकेक चिठ्ठी काढत गेली, सुमन पाटीवर लिहीत गेली. पहिल्या चारांत न्हावी आला, लोहार आला. स्वतः अंबूबाई नववी. मालोजीचं नाव निघेना. तीस झाले, पस्तीस झाले. लोक मालोजीकडे बघायचं टाळू लागले. निघालं तेव्हा एकेचाळिसावं.

"मंजी कवा?" मालोजीने विचारलं.

सुमनने पाटीवर मांडलं. "हे सत्र धरून अकरावं, काका. अठ्ठावन्नची दिवाळी झाली की."

"तवर तू तितं आसशील?"

"बी.ए. सत्तावन्नला संपतं. तवर अठ्ठावीस जण होत्यात." तिने पाटीवर खाली रेघ ओढली. "पुढं दोन वरसं एम.ए. केलं तरच बाकीचे सोळा होतील."

मालोजीने पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, परत घातलं. त्या सोळांतले तो नि दत्तोबा सोडून उरलेले चौदा जण त्याच्याकडे बघत होते, आणि ते मुकाट बघत नव्हते. शेवटी तो दत्तोबाकडे वळला.

"कसं हाय दत्तोबा, अर्धवट शिकल्याली पोर ना घरची ना घाटची. एम्ये करायला पायजे तिनं."

"तुमी म्हनाल तसं," दत्तोबा म्हणाला.

दोन दिवसांनी मालोजी स्वतः मोशीला गेला आणि दुसरी मुलगी बघा म्हणून सांगून आला. मोशीकरांनी कारण विचारलं तेव्हा त्याने बारीचं सांगितलं. त्यांना ते काही उमगलं नाही.

सुभद्राबाईंनी चार नावांचा कागद घेतला आणि सोबतची पाटीवरून उतरवलेली अकरा सत्रांची यादीही वाचली. "वडिलांचं नाव शेवटी?" त्यांनी विचारलं. "पाचवं म्हणून घालते, मी सही करते."

"ते नको म्हणतील, बाई."

आणि दत्तोबा नकोच म्हणाला. तो पूर्वीसारखाच फाटकाबाहेरच्या दगडावर येऊन बसत राहिला, रहिमानचा चहा पीत राहिला.

वर्षं यादीप्रमाणे गेली. बारीचे चार जण नव्या धोतरात येत, तासभर खुर्चीवर बसत, गावाला जाऊन वर्णन करत. चोविसाव्या नंबरचा गुरव बारीच्या आधीच वारला, तेव्हा त्याच्या जागी त्याचा मुलगा आला. विहिरीवरही तसंच करतात. सत्तावन्नला सुमन बी.ए. झाली. तेव्हा एक चांगली नोकरी चालून आली होती, पण मालोजीसह उरलेल्या पंधरा जणांनी दत्तोबाच्या ओट्यावर येऊन बजावलं, की आमची बारी बुडवायची नाही. गुलशन बी.ए. होऊन चाकणला शिकवायला लागली. निकाह तिने थेरगावात केला नाही, पण ठेचा मागवत राहिली.

१९५९च्या फेब्रुवारीत शेवटच्या सत्राचे चार जण एकत्रच आले. मालोजीने वहीत सही केली. मधल्या काळात तो सही शिकला होता. आत जाऊन त्याने खुर्चीवर मांडी घातली, दोन कप चहा घेतला, भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मोजले.

"आता म्होरं काय न्हाईच का शिकायला?" त्याने सुभद्राबाईंना विचारलं.

"आहे. पीएच.डी."

"मंग नवी यादी लागंल," मालोजी म्हणाला आणि तिसरा कप मागितला.

दत्तोबाने सगळ्यांत शेवटी सही केली. रहिमानने वहीवर टिपकागद दाबला आणि फाटक पूर्ण उघडलं. खरं तर बाजूचं लहान दार पुरलं असतं. दत्तोबा आत आला, सुभद्राबाईंनी दाखवलेल्या खुर्चीवर बसला. खुर्चीला गादी होती. समोर सुमन. त्याने पंखा पाहिला, फरशी पाहिली, पाय जवळ घेतले. पाच मिनिटं झाली.

"बरी हायेस नव्हं?"

"बरी हाय."

दत्तोबाने हाताखालची गादी चाचपली.

"सुमे," तो हळूच म्हणाला, "हितं बोलाया सुचत न्हाई. चल भाईर."

मग दोघं फाटकाशी आली. तो त्याच्या दगडावर बसला, ती गजांच्या आतल्या बाजूला उभी राहिली. दत्तोबाने पहिल्यांदा विहिरीच्या पाण्याचं सांगितलं, मग म्हैस व्याल्याचं, मग बाकीचं सगळं.