मोठ्या बाबांचं व्हिटॅमिन डी

मी नागपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आज दुपारी मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, प्रोस्टेटच्या पीएसए या रक्ततपासणीचा नमुना माझ्याच मशीनवर लागला. आकडा कॅन्सरची शंका यावी इतका वाढलेला होता. पुन्हा लावून पाहिला. तेवढाच आला.

वर्षभर त्यांना लघवीला त्रास होता, कंबर दुखत होती. तेव्हा व्हिटॅमिन डी कमी निघालं आणि त्यांना कारण सापडलं. "डी कमी असलं की प्रोस्टेटचा कॅन्सर होते म्हणे. मी तं भरून काढून राहिलो," असं म्हणत ते दर रविवारी दुधातून डीची पुडी घ्यायचे. सुनेसोबत डॉक्टरकडे जा म्हटलं की एकच उत्तर, "सुनेसमोर लघवीचं काय सांगू वं?"

काल लघवीतून रक्त गेलं, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले.

त्याच रक्तातून व्हिटॅमिन डीही तपासलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "डी बरोबर आहे ना वं?"

"डी बरोबर आहे."

"मग काहून एवढी हळू बोलून राहिली?"

डीची कमतरता आणि या कॅन्सरचा संबंध अजून पक्का सिद्ध झालेला नाही. कॅन्सर आहे की नाही, ते बायोप्सीत कळेल. गेलेलं वर्ष मात्र कोणत्याही पुडीने भरून निघणार नाही.

तुमच्या घरातले पुरुष हा त्रास कोणाला सांगतात?