काविळीची माळ

घरात भाजी नसली की आयशाबी तापल्या तव्यावर एक सुकी मिरची टाकायची. तिचा ठसका अख्ख्या गल्लीला जायचा. शेजारची माणिकबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "काय करून राहिली वं आयशाबी? जीव घेतं काय आमचा?"

"रस्सा हाये बाई. जमला आज झणझणीत."

आणि घरात तुबा आणि मिस्बाह दोघी बहिणी चहात भाकर बुडवून निमूट खायच्या. आपलं उणं गल्लीला कळू द्यायचं नाही, हा आयशाबीच्या घरातला कायदा होता. तो पोरींना बोलायला शिकण्याआधी कळला होता.

नवरा अब्दुल रहीम पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. खोळी आयशाबी शिवायची. अकोल्यातल्या त्या गल्लीत एकेकाळी दिवाळी झाली की खेड्यांतल्या बैलगाड्या यायच्या, लग्नघरच्या गाद्यांची मागणी घेऊन. पुढे गाड्या यायच्या थांबल्या. नापिकीने खेड्यांत लग्नंच पुढे ढकलली जात होती, गाद्या कोण भरणार? शहरातल्यांनी फोम घेतला. मग रहीम हिवाळ्यात अमरावतीला जाऊ लागला. राजापेठेत ट्यूशन क्लासला आलेली पोरं खोल्या करून राहायची, त्यांना स्वस्तातली गादी लागायची. तो तिथेच एका ओसरीत झोपायचा आणि पंधरवड्याने घरी यायचा. गल्लीत कोणी विचारलं तर आयशाबी सांगायची, "मोठा ऑर्डर हाये. अमरावतीचे लोक सोडतच नाई त्याले."

थोरल्या तुबाची मंगनी त्या पावसाळ्यात झाली होती. मुलगा सरफराज, मूर्तिजापूरचा. मोटरसायकल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान. असं स्थळ आपल्या दारात आलं यावर आयशाबीचा कितीतरी दिवस विश्वास बसला नव्हता. रहीमने चांगला लांब धाग्याचा कापूस बाजूला काढून ठेवला होता. त्याच्या दोन रजया तिने तुबासाठी भरून घेतल्या, वर लाल साटीन लावलं आणि लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं.

आणि दिवाळीच्या सुट्टीत धाकटी मिस्बाह आजारी पडली. नववीतली पोर. आधी ताप, मग दात घासताना हिरड्यांतून रक्त, मग अंगावर कुठेही निळे डाग. रहीम तिला अमरावतीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि नागपूरला धाडलं. ब्लड कॅन्सर. केमोचा पहिला कोर्स नागपुरात झाला, आयशाबीच्या बांगड्यांवर. दुसरा पुढच्या महिन्यात. पलंग सरकारी दवाखान्याचा होता, पण औषधं बाहेरून आणायची होती आणि विकण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं.

मूर्तिजापूरला आयशाबीने निरोप धाडला, मिस्बाहला कावीळ झाली आहे.

"अम्मी, कावीळ काहून सांगितली?" तुबाने विचारलं.

"मंग काय सांगू? खून खराब हाये म्हणून सांगू? लोक म्हणतीन एकाच मायच्या पोटच्या हायेत दोघी. तुह्यं लगन होऊ दे, मंग सांगू काय सांगायचं थे."

शाळेत मात्र लपलं नाही. मिस्बाहच्या बाकावर बसणारी दीपमाला घरी येऊन गेली होती आणि तिने मिस्बाहच्या डोक्यावरची ओढणी सरकलेली पाहिली होती. कोर्टातल्या शिपायाची ही मुलगी, दोन घट्ट वेण्यांची, बोलायला फटकळ. आठ दिवसांनी ती नववी-दहावीची सात-आठ पोरं घेऊन दारात उभी राहिली. डालड्याच्या डब्यांच्या झाकणांना चिरा पाडून त्यांनी दानपेट्या केल्या होत्या.

"चाची, हेडसरनं परवानगी देल्ली. आमी बस स्टँडवर आन टेसनावर उभं राहतो. मिस्बाहचा एक फोटो द्या, डब्यावर चिटकवाले."

आयशाबीने दार आतून लोटून घेतलं. "फोटो नाई भेटन. नाव बी नाई टाकायचं."

"मंग लोक देतीन कसे, चाची? कोणासाठी म्हनून सांगू?"

"शाळेतल्या एका पोरीसाठी म्हना." मग तिचा आवाज खाली आला. "दीपमाला, बेटा, मले शब्द दे. कोणी कितीबी विचारलं तरी तिचं नाव तुह्या तोंडातून निघालं नाई पाहिजे. तुबाबाजीच्या लगनाचा सवाल हाये."

दीपमालाने मिस्बाहकडे पाहिलं. मिस्बाह खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "लिव न वं, 'वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी' म्हनून लिव."

"तसं लिवलं तं लोक मलेच पैसे देतीन," दीपमाला म्हणाली. दोघी हसल्या. जाताना तिने आयशाबीच्या हातावर हात ठेवला. "शब्द देल्ला, चाची."

पोरं रोज शाळा सुटल्यावर उभी राहू लागली. डब्यांत फारसं पडत नव्हतं. दीपमाला येऊन काही सांगायची नाही, नुसती मिस्बाहजवळ बसून गणिताचा धडा समजावून जायची. आयशाबी विचारायची नाही. तिला वाटायचं, भरेल हळूहळू.

एका शनिवारी दुपारी दारात ऑटो थांबला आणि मूर्तिजापूरच्या कुलसुमबी उतरल्या. सरफराजची आई. सोबत कोणी नाही, काखेत उसाच्या कांड्यांची मोळी, हातात पिशवी. आयशाबीची धांदल उडाली. तुबाने डोक्यावर ओढणी घेतली आणि आत चहाला पळाली.

"निरोप आला तवापासून जीव लागला नाई," खाटेवर बसत कुलसुमबी म्हणाल्या. "काविळीचं हलकं घेऊ नोका, आयशाबी. ऊस चावू द्या तिले, तेल-मिरची बंद. आन हे पाहा." त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत दोऱ्यात गुंफलेली मुळ्यांच्या बारीक तुकड्यांची माळ होती. "आमच्या गावचा डोमाजी बांधून देतो. पैसा घेत नाई. दोनदा गेली मी त्याच्याकडं. पयल्या वक्ती भेटला नाई, वावरात होता. डोक्यावर ठेवायची. कावीळ जसजशी उतरते तशी माळ वाढते, अन् कानावरून खाली गळ्यात येते."

"काहाले तरास घेतला, आपा."

"तरास कायचा? उद्या माह्या सुनेची बहीण हाये थे."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. कुलसुमबी पाणी प्यायल्या आणि पायांवरून हात फिरवत बोलू लागल्या. "आताच टेसनावर एक तमाशा पाहिला. शाळेतले पोट्टे डबे घेऊन उभे. कोण्या पोरीले खुनाचा कॅन्सर हाये म्हणते. मी दहा रुपये टाकले. आपल्या बी घरी पोरी हायेत न. पण लोकाईनं धरलं त्याईले. नाव सांगा म्हणे पोरीचं. नाव नाई, फोटो नाई, पिक्चर पाहाले पैसे जमवून राहिले काय? एकानं तं डबा हिसकला. पोलीसवाला आला आन दोन वेण्यांच्या एका पोरीले चौकीत घेऊन गेला."

"मंग?" आयशाबीच्या तोंडून निघालं.

"पोरगी मोठी जिद्दी. रडून राहिली होती, पण म्हणे, साहेब, मी चोर नाई, पण नाव नाई सांगत, शब्द देल्ला हाये. कोणाची हाये कोण जाणे. अन् कोण थे माय हाये, लेकराईले असं चोर ठरवून घरात बसली?"

तुबा चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. खाटेवर मिस्बाहने भिंतीकडे तोंड केलं.

"चाल बेटा, उठ," कुलसुमबी म्हणाल्या. त्यांनी माळ दोन्ही हातांत घेतली. "ओढणी काढ. डोक्याले लागली पाहिजे."

मिस्बाहने ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आईकडे पाहिलं. आयशाबीला अजूनही म्हणता आलं असतं, आपा, राहू द्या, सर्दी हाये तिले, मी ठेवीन मंग. शब्द तयार होते. अशा शब्दांची तिला कधी वानवा पडली नव्हती. ती उठली, खाटेजवळ गेली आणि तिने स्वतःच्या हाताने मिस्बाहच्या डोक्यावरची ओढणी काढली.

कुलसुमबींच्या हातातली माळ तशीच राहिली.

"केस कुठी गेले?"

"आपा, तुमी ज्या पोरीसाठी दहा रुपये टाकले, थे हेच हाये."

कुलसुमबींची नजर दारातल्या तुबाकडे गेली. चेहऱ्यावर नाही, हातांवर, नखांवर. बाजारात बकरी पाहतात तशी. आयशाबीने इतके दिवस ह्याच नजरेची धास्ती घेतली होती.

"घराण्यात आणखी कोणाले?"

"कोणाले नाई. डॉक्टर म्हणते, एकापासून दुसऱ्याले होत नाई."

"डॉक्टर काईबी म्हणते." त्या उठल्या. चहा त्यांनी घेतला नाही. माळ पुन्हा पुडीत घालायला गेल्या, मग तशीच खाटेवर ठेवली. दारात चपला घालताना त्या मागे वळल्या. "तुमी मले कावीळ सांगितली, आयशाबी. मी डोमाजीच्या घरी दोन चकरा मारल्या. उन्हात."



ऑटो वळून गेला. आयशाबीने खुंटीवरचा बुरखा घेतला. पेटीच्या तळातून मिस्बाहचा मागच्या गॅदरिंगचा फोटो काढला, दोन्ही खांद्यांवर केस सोडलेला. तुबाने चहाचे कप उचलले आणि मोरीत ओतून टाकले.

स्टेशनच्या चौकीबाहेर पोरं भिंतीला लागून उभी होती. दीपमाला बाकावर बसली होती, वेणी सुटलेली, डोळे सुजलेले. आयशाबीला पाहताच ती उभी राहिली. "चाची, मी नाई सांगितलं."

"मालूम हाये मले." आयशाबी पोलिसाकडे वळली. "साहेब, मी तिची माय. मिस्बाह अब्दुल रहीम, वर्ग नववा. पोरं सच बोलून राहिले. झूट मी बोलली."

पोलिसाने फोटो पाहिला, फोटोतले केस पाहिले आणि डबा परत दिला. "आधी नाव टाकाले काय झालं होतं, बाई?"

त्या संध्याकाळी तिकीट खिडकीजवळ आयशाबी पोरांबरोबर उभी राहिली. डब्यावर फोटो आणि नाव होतं. लोक थांबून वाचत होते. काही देत होते. एक गृहस्थ खिशात हात घालून पुढे आले, नाव वाचलं, हात तसाच खिशात ठेवून निघून गेले. दीपमाला त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाली, "त्याईचे पैसे खिशातच कुजतीन." आयशाबीने तिला गप्प केलं. फलाटाच्या कोपऱ्यातल्या बाकावर मूर्तिजापूरच्या पॅसेंजरची वाट पाहत कुलसुमबी बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं. हाक कोणीच मारली नाही.

मंगनीत मुलाला घातलेली अंगठी दहा-बारा दिवसांनी परत आली. सरफराजचे मामा घेऊन आले होते. पोराला आत्ता लग्न करायचं नाही, एवढंच म्हणाले. रहीम त्या दिवशी घरी होता. तो खाली मान घालून पिंजणीच्या धनुकलीचा ताण पाहत बसला. तुबा आत गेली. पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. ती एक लाल रजई घेऊन बाहेर आली आणि नागपूरला न्यायच्या गाठोड्याशेजारी ठेवली.

"तिकडं थंडी हाये लय," ती म्हणाली. तिने आईकडे पाहिलं नाही. नंतरही बरेच दिवस तिने आईकडे नीट पाहिलं नाही.

पोरांनी जमवलेले पैसे हेडसरांनी आदल्या दिवशी आणून दिले होते. दुसऱ्या कोर्सची औषधं त्यात येत होती. तिसऱ्याचं कोणी बोललं नव्हतं.

मामा उठले. दारात जरा घुटमळले. "आपानं विचारलं हाये, धाकटी पोरगी कशी हाये म्हणून. काय सांगू?"

पलीकडे माणिकबाई भांडी घासायची थांबली होती. आयशाबीला ते ऐकू आलं. तिने आवाज खाली केला नाही.

"रातभर ताप होता, म्हना. तोंडात फोड आले, खाऊन नाई राहिली. परवा नागपूरले नेतो." मग म्हणाली, "आपानं ठेवलेली माळ तिनं त्याच दिवशी घातली, काढली नाई, म्हना. अजून डोक्यावरच हाये."