सूचना लिहिणाऱ्या रजनीताई

"मला सूचना लिहायच्या आहेत," असं त्या बाई म्हणाल्या आणि आख्खा वर्ग हसला.

व्यावसायिक लेखनाच्या एम.ए.चा तो पहिला दिवस होता. उल्हासनगरच्या एका कॉलेजात शनिवार-रविवार वर्ग भरायचे. सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं होतं, 'तुम्हाला काय लिहायचं आहे?' कोणाला मालिका लिहायच्या होत्या, कोणाला जाहिराती, एकाला नेत्यांची भाषणं. मी बदलापूरजवळच्या खरवईहून यायचे, तेवीस वर्षांची होते आणि मला जाहिरातींच्या चमकदार ओळी लिहून नाव कमवायचं होतं. मग शेवटच्या बाकावरून या उठल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या, बारीक चणीच्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला फाइल मावेल अशी पिशवी. सगळे हसत असताना त्या शांतपणे उभ्या राहिल्या आणि हसणं थांबल्यावर पुन्हा म्हणाल्या, "सूचना. कारखान्यात लावतात त्या. मशिनीवर, ड्रमवर, भिंतीवर. लोकांना कळतील अशा." आणि खाली बसल्या.

रजनी गायकवाड त्यांचं नाव. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं टायपिस्ट होत्या. कारखाना गुजरातला गेला आणि बाकीच्या बायका शिवणकाम, पोळीभाजी अशा वाटा शोधत असताना यांनी एम.ए.चा अर्ज भरला. नवरा काही वर्षांपूर्वी वारला होता. घरी त्या आणि सासूबाई. लोक विचारत, "या वयात शिकून काय करणार?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "नोकरी करणार. मग कशाला शिकतात?"

त्यांची एक खोड वर्गात लवकरच प्रसिद्ध झाली. कोणी काही वाचून दाखवलं की त्या मधेच विचारायच्या, "कोणी?" एकाने एका यंत्राची माहिती वाचली, "त्यानंतर झाकण उघडण्यात यावे."

"कोणी?"

"म्हणजे?"

"कोणी उघडायचं? भुताने? समोर माणूस उभा आहे ना! त्याला सांग, झाकण उघडा."

माझ्या जाहिरातीही यातून सुटल्या नाहीत. एका साबणासाठी मी 'तेजस्वी स्पर्शाची अनुभूती' असं काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि अगदी मनापासून विचारलं, "मेघना, याने कपडे धुवायचे का अंग?" मला राग आला. घरी जाऊन पुन्हा वाचलं, तर मलाही कळेना.

एकदा सरांनी घरातल्या कोणत्याही कामाची कृती लिहून आणायला सांगितली. आम्ही सगळ्यांनी आदल्या दिवशी तासाभरात काहीतरी खरडलं. रजनीताईंनी कुकरची शिटी आणि झडप साफ करण्याची कृती लिहिली होती, आणि सोबत तिचे सहा कच्चे खर्डे जोडले होते. प्रत्येकावर लाल पेनने शेरे. "हे कोणी तपासलं?" सरांनी विचारलं. "सासूबाईंनी," त्या म्हणाल्या.

मला ते खोटं वाटलं म्हणून मी पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. सासूबाईंनी "जय भीम, ये पोरी" म्हणून बसवलं. चौथी शिकलेली ती म्हातारी. रजनीताईंनी तिच्या हातात एक कागद दिला, समोर कुकर ठेवला आणि स्वतः पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. बोलायचं नाही, खुणावायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हातारी एकेक अक्षर लावत वाचत होती आणि तसतसे हात चालत होते. एका ठिकाणी हात थबकले. "'विलग करा' म्हंजे काय गं?" रजनीताईंनी लाल पेन उचललं, 'विलग' खोडलं आणि 'काढा' लिहिलं. मला म्हणाल्या, "डोळ्यांकडे बघायचं नाही. डोळे पुढे जातात, कळल्यासारखं दाखवतात. हातांकडे बघ. हात खोटं बोलत नाहीत."

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा इंग्रजीच्या पेपरात त्यांना केटी लागली, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागणार होता. नोकऱ्या इंग्रजी येणाऱ्यांनाच, हे सर आम्हाला सारखं ऐकवायचे. मला वाटलं, आता या सोडतील. माझं इंग्रजी बरं होतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि पिशवीतून औषधांच्या खोक्यांतली, मिक्सरच्या, पंख्याच्या, गिझरच्या खोक्यांतली माहितीपत्रकं काढून टेबलावर पसरली. शेजारपाजारच्यांकडून मागून आणली होती. "मला कविता नको शिकवूस," म्हणाल्या. "हे शिकव. हेच मला लिहायचंय." आम्ही चार महिने तेवढंच केलं. दुसऱ्या वेळीही त्या नापास झाल्या, दोन मार्कांनी. त्या दिवशी मात्र कॅन्टीनमध्ये बराच वेळ चहाकडे बघत बसल्या. मग पिशवी उघडून म्हणाल्या, "गिझर राहिला होता ना आपला?" तिसऱ्या वेळी सुटल्या.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "ताई, एवढा हट्ट कशासाठी? मराठी टायपिंगचं काम तुम्हाला कुठेही मिळेल."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग सांगितलं ते असं. त्यांच्या कारखान्यात ॲसिडच्या ड्रमवर लावायला एक फलक करायचा होता. साहेबांनी इंग्रजीवरून मराठी मजकूर तयार केला आणि टाइप करायला यांच्याकडे दिला. 'संहत आम्लामध्ये जलमिश्रण करण्यात येऊ नये. उलट क्रमाचा अवलंब करावा.' यांनी टाइप केला. एकही चूक नव्हती. तो फलक वर्षभर तिथे होता. चामटोलीची शकुंतला नावाची एक बाई तिथे कामाला होती, रोज त्या फलकाखाली उभी राहायची. एके दिवशी नेहमीचा माणूस आला नाही, म्हणून ॲसिड पातळ करायला हिला सांगितलं. हिने ड्रममध्ये मगभर पाणी ओतलं. ॲसिड उसळून हातावर, मानेवर आलं.

"टाइप करताना मलाही कळलं नव्हतं," रजनीताई म्हणाल्या. "कळलं नाही, तरी विचारलं नाही. वाटलं, साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबर असणार. चौकशीत म्हणाले, फलक लावला होता, बाईने वाचला नाही. तिने वाचला होता गं. रोज वाचायची."

रजनीताई शकुंतलाला भेटायला चामटोलीला गेल्या होत्या. फलक आपणच टाइप केला होता, हे स्वतःहून सांगितलं. शकुंतला भांडेल, रडेल, हाकलून देईल, अशी तयारी करून गेल्या होत्या. ती आपल्या भाजलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "तूच लिवला व्हता? मना त्यातला येक शबुद समाजला नाय. आता नीट लिव, बाय." चहा पाजून तिने यांना पाठवलं.

"मग मी आणखी काय करणार होते?" रजनीताई म्हणाल्या. "नीट लिहायला शिकायला नको?"

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. त्यांनी विषय दिला, धोक्याच्या सूचनांचं लेखन. मार्गदर्शक सरांनी नाक मुरडलं. "गायकवाडबाई, फलक रंगवणं हे एम.ए.चं काम आहे का? एखाद्या मासिकाचा अभ्यास करा." यांनी तोच अर्ज पुन्हा दिला. तिसऱ्यांदा सरांनी कंटाळून सही केली.

अंबरनाथच्या कारखान्यांनी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. शेवटी उल्हासनगरात धातूला मुलामा चढवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपचा सिंधी मालक तयार झाला. मी सोबत गेले होते. तो म्हणाला, "मॅडम, ये लोग बीस साल से काम कर रहे हैं. पढ़ के थोड़ी करते हैं?"

"और साईं, कल नया आदमी आया तो?"

त्याने पंख्याकडे बघितलं. "हाँ, वो तो है," म्हणाला. "करो."

रजनीताईंनी हिंदी आणि मराठी, दोन्हींत कागद तयार केला होता. मराठीतला मला अजून पाठ आहे. 'आधी पाणी घ्या. मग त्यात ॲसिड हळूहळू ओता. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका.' मला तो उत्तम वाटला होता. तपासणीसाठी त्यांनी दोन बादल्यांत साधं पाणीच भरलं होतं आणि एकीला लाल कागद चिकटवून सांगितलं होतं, हे ॲसिड समजा. रामलखन नावाचा चाळिशीचा कामगार पुढे आला. हे काम त्याने कधी केलं नव्हतं. तो हिंदी कागद बोट ठेवून वाचू लागला. सुरुवात वरून करण्याऐवजी त्याची नजर शेवटच्या ओळीवर पडली. "ते-जाब में... पा-नी..." एवढं लावेपर्यंत त्याचा मग लाल बादलीवर पोचला होता आणि पाणी पडलंही होतं. 'कभी मत डालो' हे त्याने त्यानंतर वाचलं. तो पांढराफटक पडला. बाकीचे हसायला लागले.

"हसू नका," रजनीताई इतक्या जोरात म्हणाल्या की मशीनवरचेही वळून बघायला लागले. मग रामलखनला म्हणाल्या, "तुम नहीं चुके, भैया. मेरा कागज चुका." आणि तो कागद त्यांनी त्याच्यासमोर फाडला.

त्यानंतर चार महिने त्या दर आठवड्याला तिथे गेल्या. शेवटी जो फलक लागला त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त चारच शब्द होते, 'आधी पाणी. मग ॲसिड.' शेजारी तेच हिंदीत, आणि खाली हळूहळू ओतणाऱ्या हाताचं चित्र.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड प्रकल्प चाळत म्हणाले, "बाई, दोन वर्षांच्या शिक्षणानंतर चार शब्द? यात लेखन कुठे आहे?"

"सर, आधी तेरा शब्द होते," रजनीताई म्हणाल्या. "नऊ काढायला मला चार महिने लागले."

परीक्षकांनी प्रकल्प मिटून बाजूला ठेवला. गुण बेताचेच दिले.

शिक्षण झालं, पण नोकरी लगेच मिळाली नाही. मला ठाण्यात एका कंपनीत मोबाइल ॲपवरचे संदेश लिहिण्याचं काम लागलं. त्या फाइल घेऊन औद्योगिक वसाहतीत दारोदार फिरत होत्या. कोणी वय विचारायचं, कोणी म्हणायचं, आमच्याकडे लिहिण्यासारखं काही नसतं. आठ महिन्यांनी पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. मॅनेजर तरुण होता. त्याने इंग्रजी पुस्तिका पुढे सरकवली. "हे मराठीत आणि हिंदीत करून द्या. परवापर्यंत. जमलं तर नोकरी पक्की."

"मशीन कुठे आहे?" रजनीताईंनी विचारलं.

"मशीनचं काय काम? सगळं यात आहे."

"मला ते चालताना बघावं लागेल. चालवणाऱ्याशी बोलावं लागेल. त्याशिवाय मी लिहिणार नाही."

"कळवतो," तो म्हणाला.

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. "अहो ताई, हो म्हणायचं ना! एकदा आत शिरल्यावर मशीन बघता आलं असतं."

 मग त्यांचा सावकाश आवाज आला. "एकदा न समजता लिहिलंय मी, मेघना. दुसऱ्यांदा नाही."

मॅनेजरने ते काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं. महिना-दीड महिन्याने एका गिऱ्हाइकाने पुस्तिका परत पाठवली, आमच्या लोकांना यातलं काही कळत नाही म्हणून. तेव्हा त्याला साडीतल्या त्या बाई आठवल्या. त्याने फोन केला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "मॅडम, मशीन बघायला कधी येताय?" त्या तीन दिवस मशीनपाशी उभ्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांना टेबल मिळालं.

पुढे दोन वर्षांनी मला पुण्याला नोकरी लागली, म्हणून निरोप घ्यायला मी त्यांच्या कारखान्यात गेले. कार्ड दाखवलं त्यांनी, नावाखाली 'तांत्रिक लेखिका' छापलेलं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मिळालेलं ते पहिलं कार्ड. त्या मला नव्या यंत्रापाशी घेऊन गेल्या. एक पन्नाशीचा ऑपरेटर त्यांनी लिहिलेला कागद पहिल्यांदाच वाचत होता. आत अडकलेली पट्टी काढायची होती. आम्ही मागे उभ्या राहिलो. रजनीताईंनी बोलणं थांबवलं. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्याने एक ओळ वाचली, मेन स्विच बंद केला. दुसरी वाचली, पातं पूर्ण थांबेपर्यंत थांबला. मग झाकण उघडून हात कोपरापर्यंत आत घातला. माझ्या मनगटावरची बोटं घट्ट झाली. त्याने पट्टी ओढून काढली, हात फडक्याला पुसला, झाकण लावलं आणि यंत्र सुरू करून कामाला लागला. कागदाकडे त्याने पुन्हा बघितलंही नाही.

मनगट सुटलं. त्यावर चार बोटांचे वळ उठले होते.