सरांच्या आधी वर्गात

आमच्या कॉलेजात मुली वर्गात जात नसत, त्यांना नेलं जाई. तास सुरू होण्याआधी लेडीज रूममध्ये थांबायचं, सर स्टाफरूममधून निघाले की त्यांच्या मागे ओळीनं चालायचं, पुढच्या दोन बाकांवर बसायचं आणि तास संपला की सरांच्याच मागे बाहेर पडायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. सत्तरचं दशक सरत आलं होतं, तरी यालाच चांगलं वळण म्हणत.

मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी देवळ्याकडच्या खेड्यातल्या शाळेत शिकलेली. तिथे जो आधी येई तो खिडकी पकडी. माझे वडील, आबा, शहरात सातपूरला कारखान्यात लागले होते, म्हणून बारावीनंतर आई आणि मी त्यांच्याकडे आलो. एफ. वाय. बी.एस्सी.ला नाव घालताना त्यांनी एकच अट घातली. "एक तक्रार आली का कॉलेज बंद. मंग चूक कोनाची व्हती ते मला सांगू नको."

पहिल्या दिवशी बस लवकर पोचली. मी सरळ वर्गात गेले आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसले. साठ-सत्तर मुलं आधी एकदम गप्प झाली, मग पाय आपटायला लागली. मला वाटलं, पहिल्या दिवसाचा उत्साह असेल. तेवढ्यात गणिताचे सर आठ मुलींना मागे घेऊन आत आले आणि मला पाहून थबकले. "बाहेर जा, आणि या मुलींच्या मागून ये," म्हणाले. मी गेले आणि आले. मी तसं निमूट केलं, याचा मला अजून राग येतो.

मग महिनाभर ओळीत चालले. सर फळ्याशी पोचताच लिहायला लागत. आम्ही बसून वह्या उघडेपर्यंत गणिताच्या पहिल्या पायऱ्या पुसल्या गेलेल्या असत. तास संपला की मुलं टेबलाला गराडा घालून शंका विचारत, आणि आम्ही नऊ जणी सर कधी निघतात म्हणून दाराशी उभ्या. शंका विचारणं आम्हाला शोभत नसे म्हणे. सगळं वरातीमागून घोडं. शाळेत गणितात कायम पहिली येणाऱ्या मला चाचणीत वीसपैकी चार मिळाले. कागद हातात आला तेव्हा रडू आलं, पण बस येईपर्यंत रडू संपलं होतं आणि नुसता संताप उरला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. पाय आपटले गेले, कागदी बाण आले. त्याच्या पुढच्या दिवशी बाकावर खडूनं 'वहिनी' लिहिलेलं होतं. ते रुमालानं पुसलं आणि त्याच जागी वही ठेवली. सर म्हणाले, "बाहेर." मी उभी राहिले. "सर, मी आलेलीच आहे. आता परत कशाला येऊ?" वर्ग हसला. सरांचा चेहरा लाल झाला, पण तास सुरू झाला. मुली माझ्यावर त्यांच्याहून जास्त चिडल्या. "तुझ्यामुळे आम्हाला नावं ठेवतात," एक जण म्हणाली. मी म्हटलं, "मग तूही येऊन बस, एकदमच ठेवतील." त्यानंतर ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

आठवड्यानं घरी कॉलेजचं पत्र आलं. आबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून उपप्राचार्यांसमोर उभे राहिले. बसा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

"तुमची मुलगी सर यायच्या आधीच वर्गात जाऊन बसते," साहेब म्हणाले.

आबा गोंधळले. "म्हंजे, वेळेआधी येती?"

"मुलांमध्ये बसते हो. एकटी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "चुकलं साहेब. उद्यापासून मागून यील."

माझ्या चुकीसाठी ते वाकले असते तर मी सोसलं असतं. पण माझं काही चुकलंच नव्हतं! गंगापूर रोडनं चालताना ते एवढंच म्हणाले, "परत बोलावनं आलं तर नाव काढून घेईन."

दुसऱ्या दिवशी लेडीज रूमच्या दारापर्यंत गेले. आत मुली आरशासमोर वेण्या नीट करत होत्या. मी पुढे गेले आणि तिसऱ्या बाकावर बसले. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत पत्र जाईल."

ते पोचायच्या आत मीच सांगायचं ठरवलं. चोरून बसायचं असतं तर ओळ काय वाईट होती? संध्याकाळी आबा जेवायला बसले तेव्हा म्हटलं, "आबा, आजपन मी आधीच जाऊन बसले. उद्यापन बसनार." आईचा हात भाकरीवरच थांबला.

आबांनी ताटावरून मान वर केली. मग म्हणाले, "गनित समजलं का?"

"पहिल्या ओळीपासून."

"मंग बस तिथंच. आनि चिठ्ठी दिली तर सांग त्यांना, बाप येनार नाय." त्यांनी भाकरी मोडली, पण घास तोंडात घातला नाही. "एकदा हात जोडले, तेच जिवाला लागलंय."