हळदीत शिजलेली पट्टी

आमच्या घरात मटणातली नळी वडिलांची. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण दर रविवारी ती त्यांच्याच वाटीत पडते आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचंसुद्धा नसतं. ती नळी एका रविवारी मी पळवली, गिटारीसाठी. पुढे जे झालं त्याचा दोष मी कुणाला देत नाही. आईला थोडा देतो.

गिटार मी सुटे भाग मागवून स्वतः जोडली होती. जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात परत आलेला माल तपासायचं माझं काम. लोकांनी वैतागून परत पाठवलेल्या वस्तू दिवसभर बघूनही मला वाटलं की आपलं तसं होणार नाही. धड, मान, खुंट्या, वायरी, सगळं चार रविवारांत जागेवर बसलं. घोडं अडलं एका पट्टीपाशी. गिटारीच्या मानेच्या टोकाला, तारा खुंट्यांकडे जातात तिथे, सहा खाचांची एक आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. माझी प्लास्टिकची होती आणि एका कडेला तडकलेली, त्यामुळे सगळ्यात बारीक तार दर दोन मिनिटांनी खाच सोडून बाहेर यायची. वडील त्या गिटारीला फावडं म्हणायचे. फावडं निदान कामाला येतं, असंही वर म्हणायचे.

आणि बहिणीची हळद बारा दिवसांवर आली होती. ती मला म्हणाली, “बेंजोवालं येवाच्या आधी तू वाजव. आई म्हनते तो धवला. मना तुझ्याकरनं दुसरं काय नको.” धवला म्हणजे आमच्याकडे लग्नात बायका म्हणतात ते गाणं. तिने मिक्सर मागितला असता तर मी दुसऱ्या दिवशी आणून दिला असता. तिने हे मागितलं. मला भरून आलं आणि पाठोपाठ ती तडकलेली पट्टी आठवली.

वडील ओटीवर बसून ऐकत होते. “वाजली तर वाजली,” ते म्हणाले. “न्हाय तर हलदीच्या चुलीला लाकडं कमीच हायत.”

मी नवी पट्टी मागवली. मोबाईलवर दिसत होतं की पुडकं पूर्ण्यातच, माझ्या गोदामापासून दोन गल्ल्या पलीकडे येऊन पडलंय. घरी पोचणार मात्र हळदीनंतर दोन दिवसांनी. मी त्या गेटवर जाऊन वॉचमनला विनवण्या केल्या. तो म्हणाला, “भाई, अंदर इतना माल है, उसमें तेरा कौन सा?” मी स्वतः लोकांना रोज हेच विचारतो, त्यामुळे निमूट परत आलो.

मग कळलं की उत्तम पट्टी हाडाची असते. मी रविवारी खाटकाकडे गेलो आणि मटणाबरोबर एक नळी न तोडता अख्खी मागितली.

“कुत्र्याला का?” त्याने विचारलं.

“गिटारीला.”

त्याने क्षणभर विचार केला. “मग जाड देतो,” तो म्हणाला. सबंध प्रकरणात मला गंभीरपणे घेणारा तो पहिला माणूस.

घरी येऊन मी आईला बजावलं, ही नळी मटणात टाकू नको, वेगळ्या पातेल्यात उकळ, तिच्यातली चरबी निघाली पाहिजे. आणि दाढी करायला गेलो. परत येऊन बघतो तर नळी पिवळीधमक.

“हलद टाकलीस?”

“मंग? हलद-मीठ न लावता मटन शिजवतंय कोन?”

“आई, ते मटण नव्हतं.”

“नली व्हती का न्हवती?”

मी पातेल्यातली नळी उचलून घेतली. आलं-लसूण घालायचं राहिलं म्हणून ती उलट माझीच माफी मागू लागली. वडील आपल्या वाटीत बोट फिरवून नळी शोधत होते. मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. जेवण होईपर्यंत ते बिननळीची वाटी ताटावर ठोकत राहिले, आणि ती ठोकठोक शेजारपाजारपर्यंत ऐकू गेली.

नळी कापली, घासली. घरभर दाताच्या डॉक्टरकडे येतो तो वास सुटला. खाचा पाडायला बारीक कानस माझ्याकडे नव्हती, म्हणून नारपोलीत एका ओळखीच्या लूममिस्त्रीकडे गेलो. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, धागे ज्या फणीतून जातात, तिच्या पोलादी पात्या कागदासारख्या पातळ असतात. मोडक्या फणीतल्या दोन-चार त्याने काढून दिल्या आणि फोटोतली गिटार बघून खेदाने मान हलवली. “छह ही धागे? इसमें तो रुमाल भी नहीं बनेगा.”

पात्यांना पॉलिश पेपर गुंडाळून मी सहा खाचा पाडल्या. जुनी पट्टी लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हळूच उडवली, नवी बसवली, तारा चढवल्या. बारीक तार खाचेत राहिली. पण आता तारा इतक्या खाली आल्या की घूंऽऽ करून पहिल्या पडद्याला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या कांबीला, घासू लागल्या. मी हौसेने खाचा खोल केल्या होत्या. दुसरी नळी मागायची माझी छाती नव्हती. हळद परवावर आली होती. शेवटी बहिणीच्या लग्नपत्रिकेची एक चिंचोळी पट्टी कापून हाडाखाली सारली, तेव्हा तारा केसभर वर आल्या आणि घरघर थांबली. ती पट्टी ‘अहेर आणू नये’ या ओळीची होती. बहिणीला दाखवल्यावर ती म्हणाली, बरं झालं, ती ओळ मना नकोच व्हती.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात मी पाटाशेजारी खुर्ची घेऊन बसलो. गिटार मांडीवर घेतली आणि धवला सुरू केला. अर्धा वाजवून झाला तरी कुणालाच तो ओळखू येईना. एका काकूने विचारलं, “अजून तारा जुलवतोयच का?” तेवढ्यात आईने शब्द उचलले, तिच्यामागे बाकीच्या बायकांनी, आणि त्या आवाजात गिटार पार बुडून गेली. मला स्वतःलाही ऐकू येईना. पण बहीण पाटावरून माझ्या बोटांकडेच बघत होती आणि हळदीने माखलेल्या तोंडाने हसत रडत होती. मी शेवटपर्यंत वाजवलं.

जेवायला वडील माझ्या शेजारी बसले. आमच्याकडे हळदीलाही मटणच असतं, आणि त्यांच्या ताटात जाडजूड नळी पडली होती.

“बारकी तार सुटली न्हाय,” ते म्हणाले.

म्हणजे ते सगळा वेळ तारेकडे बघत होते. मी मान हलवली. त्यांनी नळी उचलली, नेहमीसारखी ताटावर ठोकली नाही, चोखलीही नाही. आतल्या गरासकट माझ्या ताटात ठेवली.

“ऱ्हाव दे तुझ्याकडं,” ते म्हणाले. “हलद लागलेलीच हाय.”