पिसाळलेली प्रतिकारशक्ती आणि गुळवेलीचा काढा

परंड्याच्या एसटी स्टँडवर नुसता पाय घसरला, तर माझं मनगट मोडलं. सांधे तर वर्षभर सुजलेलेच होते. तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, पिसाळलीय. तीच सांधे सुजवते आणि हाडं पोखरणाऱ्या पेशींना चेव आणते. तिला शांत करायच्या गोळ्या नेमानं घ्या."

घरी भेटायला गल्ली लोटली. सगळ्यांत पुढं शेजारचे काका, हातात गुळवेलीच्या काढ्याची बाटली. "पी. प्रतिकारशक्ती लई वाढती."

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या? येडा हाय का डॉक्टर?"

जन्मभर किराणा दुकान चालवलेल्या माणसाला हाडांतलं जास्त कळणारच. शिवाय वडीलधाऱ्यांना नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. मग मीही शहाण्यासारखा गोळ्या बंद करून काढा प्यायला लागलो.

पहिलं प्लास्टर निघायच्या आत न्हाणीत तोल गेला आणि दुसरं मनगटही मोडलं. काका लगोलग आले. या वेळी बाटली मोठी होती. माझे दोन्ही हात प्लास्टरमध्ये, म्हणून काढा त्यांनी स्वतःच्या हातानं पाजला.

आणि मी आ केला.