पुसलेली पानगळ

परवा घराचे दरवाजे रंगवायला घेतले आणि टर्पेंटाइनच्या वासासरशी मी ऐंशीच्या दशकातल्या आमच्या विक्रोळीच्या चाळीत पोचले. ऑक्टोबरची सकाळ होती. कारखान्यात पॅकिंगला जाणारी माझी आत्या रविवारी गॅलरीत तैलचित्र काढत बसायची. दोन रविवार खपून तिने एका विलायती कॅलेंडरवरची पानगळ उतरवली होती. सगळी लालभडक झाडं. शेजारच्या मालवणी काकू बघायला थांबल्या.

"गो, ही झाडां पेटली काय?"

आत्या खळखळून हसली. मग टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून तिने अख्खं ओलं चित्र आडवं पुसलं.

"आत्या, वाट लावलीस!" मी ओरडले.

"गप गं. बघ नुसती."

चिंधीच्या टोकाने ती कुठे दाबत, कुठे टिपत गेली आणि त्या राड्यातून समोरची खाडी वर आली. धुरकट ऊन, पिवळं पडलेलं गवत, मागे पुसट होत गेलेली तिवरांची झाडी. मला ती जादू वाटली.

आता आठवतं, आत्या रोज शिफ्टला निघण्याआधी चहा घेऊन त्याच गॅलरीत उभी राहायची. चहा पार निवून जायचा, तरी तिची नजर खाडीवरून हलायची नाही.